रुसवा भाताच्या नावावर

घराखाली बसून भांडण ऐकण्यात जी मजा आहे ती वर बसून ऐकण्यात नाही. आमच्या मलय गावातली घरं लाकडी खांबांवर उभी. खाली माणूस न वाकता हिंडेल एवढी जागा. तिथे सरपण, कोंबड्या, वाळत टाकलेली जाळी, आणि ऊन तापलं की आम्ही पोरी. वरच्या फळ्यांना बोटबोट फटी. वरच्यांना वाटतं आपण घरातल्या घरात बोलतोय, आणि खाली सगळं धो धो पडत असतं.

माझ्या लग्नाला नऊ दिवस राहिले होते. मी खाली ओंडक्यावर बसून मीठ-मिरची लावलेला कच्चा आंबा खात होते. नवरीने आंबट खाल्लं की तोंडावरचं तेज जातं असं आईचं म्हणणं, म्हणून चोरून. तेवढ्यात वर पावलं वाजली. टाच आधी टेकवून चालणारी गावात एकच बाई होती, माझी मावशी, मा योंग. आमच्याकडे थोरलीला योंग म्हणतात आणि शेंडेफळाला बुसू. माझी आई बुसू.

"हे काय आहे, बुसू?"

"कार्ड."

"कोणाला आहे?"

"तुला."

"मला," मा योंग म्हणाली.

आईने इथेच तिचे हात धरले असते तर पुढचं काही घडलं नसतं. पण आई म्हणाली, "सगळ्यांना दिलं, तुलाही दिलं. सोनेरी कड आहे बघ."

झालं होतं असं, की बाबांनी कुआला कांगसार शहरातून लग्नाची कार्डं छापून आणली होती. आमच्या नदीकाठावर छापील कार्ड तोवर कोणी पाहिलं नव्हतं. विडा घेऊन घरोघर जायचं आणि तोंडाने सांगायचं अशी रीत. बाबांना त्या कार्डांचं इतकं कौतुक, की त्यांनी पुतण्याला सांगितलं, एक घर सोडू नकोस. त्याने सोडलं नाही. नवरीला मांडीवर वाढवणाऱ्या, शेजारच्याच घरात राहणाऱ्या सख्ख्या मावशीच्या जिन्यावरही एक ठेवून आला.

आता आमच्यात निमंत्रण असतं पाहुण्याला. घरच्या माणसाला कोणी बोलावतं का? घरच्याला बसवून विचारायचं असतं, काय करू, किती नारळ आणू, कुठला बोकड कापू. मा योंगला हे सगळं विचारून झालं होतं, लग्नाची तारीखही तिनेच काढली होती. पण ते कार्ड आलं आणि ती एका कागदाने पाहुणी झाली.

"येईन हं मी," मा योंग वरून म्हणाली. "जेवणाच्या वेळेला येईन. पाहुण्यांच्या चटईवर बसेन, हात धुऊन जाईन."

"तुला दिलं तरी टोचतं, नाही दिलं तरी टोचतं," आई म्हणाली.

त्यावर मा योंग जे बोलली त्याहून वाईट वाक्य आमच्या बोलीत नाही. ती म्हणाली, "काही नाही. ठीक आहे."

ती जिना उतरली. मला खाली आंब्यासकट पाहिलं, पदराच्या टोकाने माझं तोंड पुसलं, आणि निघून गेली. त्याच दिवशी बोचकं बांधून ती नदी ओलांडून पलीकडे गेली, तिच्या मेलेल्या नवऱ्याच्या फळबागेतल्या घरात.

ह्याला आमच्याकडे राजुक म्हणतात. राजुक म्हणजे रुसवा. राग वेगळा, वैर वेगळं. राजुक फक्त आपल्या माणसावर करता येतो, आणि ज्याच्यावर केला त्याने येऊन मनधरणी करायची असते. नाही आला तर रुसणाऱ्याची फार फजिती होते.

मला मात्र धाकधूक लागली. लग्नात नवरानवरी बैठकीवर बसले की त्यांच्या हातावर सुगंधी पाणी शिंपडायचं आणि हळदीचे तांदूळ टाकायचे असतात, आणि पहिला हात घरातल्या थोरल्या बाईचा. माझ्या पाठीवर आईला लागोपाठ दोन झाली तेव्हापासून मी मा योंगच्याच कुशीत झोपले होते. मी आईला सांगून टाकलं, मा योंगचा हात पहिला पडला नाही तर मी बैठकीवर बसणार नाही. आई म्हणाली, मग उभी राहा. मी म्हटलं, राहीन.

बाबा एकदा पलीकडे जाऊन आले. तोंड पाडून आले. आईने विचारलं, काय म्हणाली? बाबा म्हणाले, काही नाही, कॉफी दिली. मग तोंड का पाडलंय? तर म्हणे, चांगल्या कपात दिली, बशीसकट. घरच्या माणसाला मा योंग कान तुटलेल्या कपात कॉफी द्यायची.

मग आईने पा आलांगना बोलावलं.

आता ज्यांच्याबद्दल लिहायला बसले ते हे. पा आलांग मान्सोर, आमच्या काठावरचे होडीवाले. तेव्हा चाळिशीला टेकले असतील. बुटके, पाय फाकवून उभे राहायची होडीतली सवय जमिनीवरही गेली नाही, त्यामुळे मशिदीत त्यांच्या शेजारी दोन माणसांची जागा जायची. शाळा पाचवीपर्यंत. पण चार ओळींचं पांतुन रचण्यात त्यांचा हात कोणी धरत नसे. पांतुनात पहिल्या दोन ओळी असतात जगाच्या, म्हणजे नदी, मासा, फणस, काहीही. पुढच्या दोन असतात कामाच्या. मागणी घालायला नवऱ्याकडचे आले की त्यांच्या पांतुनाला पांतुनाने उत्तर द्यायला मुलीकडचे लोक पा आलांगना पुढे बसवत. ते जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने लिहीत, आपल्या जुन्या अरबी वळणाच्या अक्षरात. मला तेवढंच वाचता येतं, कुराण शिकताना आलेलं. पुढे सगळं इंग्रजी अक्षरांत छापायला लागले तेव्हा वर्तमानपत्र माझ्या हातून गेलं, पण पा आलांग राहिले.

आईने त्यांना सांगितलं, योंग रुसली आहे, काहीतरी करा. त्यांनी त्याच दिवशी लिहिलं, पलीकडे नेलं, आणि मा योंगच्या जिन्याखाली उभं राहून मोठ्याने वाचलं:

नदीकाठी फणस पिकला,
वास सुटला गावभर;
रुसवा तुमचा किती टिकला,
या आता वाटेवर.

मा योंगने खिडकी लावली. लावण्याआधी तांदूळ धुतलेलं पाणी खाली ओतलं. अंगावर नाही, पायाशी. तिचा नेम चांगला होता, तेव्हा ते मुद्दामच पायाशी.

पा आलांग ओल्या पायांनी घरी गेले. त्यांची बायको जाहारा. फटकळ, पण तिने केलेला मासा खायला लोक आडवाटेने यायचे. तिने कागद वाचून दाखवायला सांगितला. ऐकला. मग जे म्हणाली ते पा आलांग पुढे जन्मभर सगळ्यांना सांगत, आणि हे आपलं नाही, तिचं आहे, असंही सांगत.

"तू तिला रुसलेली म्हणालास," जाहारा म्हणाली. "रुसलेल्या माणसाला रुसलेलं म्हटलं की त्याला तो रुसवा पुरा करावाच लागतो. आणि वाटेवर या? थोरल्या बाईला? पाणी गरम नव्हतं हे नशीब समज."

पुढचे दोन दिवस पा आलांग होडीत बसून राहिले. उतारू येऊन हाका मारायचे, ते ओठ हलवत बसायचे. मळ्यातल्या रबराच्या लाद्या घेऊन बाजाराला निघालेले लोक चिडले. एकाने स्वतःच वल्हं उचललं आणि होडी गोल गोल फिरवत वाळूत नेऊन रुतवली. इकडे मी घरात मेंदी वाटत होते आणि प्रत्येक वेळी होडी दिसली की पाट्यावरून उठत होते. लग्नाला तीन दिवस राहिले. मग दोन.

दोन राहिले त्या सकाळी पा आलांगनी जाहाराकडून चिकट तांदळाचा पिवळा भात करून घेतला, लग्नात करतात तसा, हळद घालून नारळाच्या दुधात वाफवलेला. ताट केळीच्या पानाने झाकलं आणि पलीकडे गेले. मी हट्ट करून बरोबर गेले. नवरीने नदी ओलांडू नये म्हणतात, पण तोवर आईला हो की नाही म्हणायचंही त्राण राहिलं नव्हतं. पा आलांगनी मला होडीतच बसवलं आणि ऊन लागू नये म्हणून केळीचं एक पान डोक्यावर धरायला सांगितलं. ते जिन्याशी गेले, ताट खालच्या पायरीवर ठेवलं, आणि कागद न काढता म्हणाले:

दोर सुटला, होडी अडली,
वल्हं राहिलं काठावर;
तुमच्यावाचून लेक रडली,
भात रुसलाय ताटावर.

खिडकी उघडली नाही. पण किलकिली झाली.

"कोण रुसलंय म्हणालास?"

"भात," पा आलांग म्हणाले.

"त्याला काय झालं?"

"पहिला हात लागला नाही अजून."

कोंबडी येऊन ताटाभोवती फिरून गेली, पा आलांगनी तिला पायाने हाकललं.

"मीठ कोणी घातलं?"

"जाहाराने."

"मग रुसेल नाही तर काय," मा योंग म्हणाली, आणि दार उघडलं.

तिच्या हातात बोचकं होतं. बांधलेलं. इतक्या लवकर बोचकं बांधून होत नाही, हे मला होडीतूनही कळलं. नंतर वर्षभराने तिने कबूल केलं, तिसऱ्या दिवसापासूनच बांधून ठेवलं होतं. रोज सकाळी त्यातून नेसायचं काढायची आणि पुन्हा गाठ मारायची. येणारा काय म्हणतो तेवढंच पाहायचं होतं तिला.

घरी आल्यावर आई आणि ती काय बोलतील म्हणून मी फळ्यांखाली जाऊन बसले. माफीबिफी कोणी मागितली नाही. मा योंग थेट स्वयंपाकाला गेली, रेंडांगच्या, म्हणजे नारळात आटवायच्या मांसाच्या, कढईत डोकावली, आणि म्हणाली, मांस हे असं ढवळतात का, लगदा करायचाय का? आई म्हणाली, मग तू ढवळ. मा योंग म्हणाली, मीच ढवळणार, दुसरं कोण आहे इथे ढवळणारं? मग दोघी ओल्या हळदीच्या पानावरून भांडल्या, मग नारळावरून, आणि मला इतकं बरं वाटलं की मी तिथेच ओंडक्याला टेकून झोपून गेले. लग्नात पहिला हात तिचा पडला. इतकं पाणी शिंपडलं की नवरा शिंकला.

त्या पांतुनानंतर पा आलांगचं नाव झालं ते वेगळंच. तोवर लोक त्यांना मागणीच्या बैठकीला बोलवत. आता कोणी रुसलं की बोलवायला लागले. आणि त्यांनी आपला एक नियम करून टाकला, की रुसवा हा शब्द माणसाच्या नावावर टाकायचा नाही. दुसऱ्या कशाच्या तरी नावावर टाकायचा. सासूने सुनेशी बोलणं टाकलं तर सासूचा पानाचा डबा रुसायचा. भावाने भावाला मासेमारीला नेलं नाही तर जाळं रुसायचं. एकदा मशिदीचा बांग देणारा रुसून घरी बसला, त्याच्या जागी दुसऱ्याला ध्वनिक्षेपक दिला म्हणून, तेव्हा पा आलांगनी मशिदीच्या जिन्याला रुसवलं. आमच्या गावात माणसं फार सज्जन झाली आणि वस्तू मेल्या फार रुसकट.

प्रत्येक वेळी जमलंच असं नाही. एका नवऱ्याची बायको माहेरी गेली होती. पा आलांगनी त्याची उशी रुसवली. बायकोने उत्तर पाठवलं, उशीला सांगा, नवी खोळ शिवून घे आणि दुसरी बघ. पा आलांगनी ते उत्तरही जपून ठेवलं. म्हणत, बाईचा हात चांगला आहे.

जाहाराला मात्र त्यांनी एकही पांतुन लिहिलं नाही. ती हे चारचौघांत सांगायची. ते म्हणायचे, तू रुसतच नाहीस. ती म्हणायची, वेळ कुठाय.

एकदा दूरच्या कॉलेजातली शिकवणारी बाई आली. तरुण, चष्मा, टेप घेऊन. तिचा अभ्यासच होता ह्या शब्दावर, राजुक लेखक कसा वापरतात, जुन्या काव्यांत कसा येतो, नव्या कादंबऱ्यांत कसा. तिने पा आलांगना नीट समजावलं. जुन्या काव्यात म्हणे राजकन्या रुसते आणि तिच्यापायी जहाजं निघतात. मग चंद्र रुसतो, मग फुलं. आणि हल्लीच्या पुस्तकांत माणूस सगळ्या देशावरच रुसून बसतो आणि शेवटपर्यंत त्याला कोणी समजवायला येत नाही. पा आलांग मन लावून ऐकत होते. देशावर रुसलेल्या माणसाचं त्यांना फार वाईट वाटलं. त्याला घरी कोणी नाही का, विचारलं.

मग तिने टेप सुरू केला आणि विचारलं, तुम्ही हा शब्द कसा वापरता?

"पुस्तकं लिहिणाऱ्यांचं बरं असतं, बाई," पा आलांग म्हणाले. "ज्याच्याबद्दल लिहितात त्याच्या जिन्याखाली त्यांना उभं राहावं लागत नाही. मला लागतं. म्हणून मी तो भाताच्या नावावर लिहितो. भात नसला तर होडीच्या. काहीच सापडलं नाही तर माझ्या स्वतःच्या. पण ज्याचा आहे त्याला तो परत द्यायचा नाही."

बाईने विचारलं, मग ज्याचा आहे त्याला कळतं का, की हे आपल्याबद्दल आहे?

"त्याला नाही कळणार तर कोणाला, भाताला?" जाहारा आतून म्हणाली.

बाई हसली आणि ते टेपवर तसंच राहिलं. जाताना तिने विचारलं, राग आणि राजुक ह्यांत फरक कसा ओळखायचा. पा आलांग म्हणाले, रागावलेला माणूस दार लावतो. रुसलेलाही लावतो, पण कडी घालत नाही. तिने ते दोनदा म्हणवून घेतलं. पुढे तिचं पुस्तक आलं की नाही मला माहीत नाही. आलं असेल तर माझ्या अक्षरांत नसणार.

मा योंगला मात्र त्या भाताच्या पांतुनाची चटक लागली. ती आमच्यातच राहायची, पण वर्षातून एकदा, रोजे संपत आले की, तिला काहीतरी लागायचं आणि ती बोचकं घेऊन पलीकडे जायची. एका वर्षी मी ईदचा कपडा तिला न विचारता हिरवा आणला. एका वर्षी माझ्या थोरल्याने तिच्याआधी बाबांच्या पाया पडून ईदची माफी मागितली. एका वर्षी कारण काय होतं ते तिलाही सांगता येईना, तरी गेली. मग पा आलांग पांतुन घेऊन जायचे आणि तिला आणायचे. ईदच्या सकाळी सगळे एकमेकांची माफी मागतात, थोरल्यांपासून सुरुवात होते, आणि थोरली तीच. ती नसली तर रांग सुरूच होत नाही. मी दर वर्षी म्हणायचे, ह्या वर्षी नाही आली तर? नवरा म्हणायचा, येईल. तरी होडी दिसेपर्यंत मी घाटावर फेऱ्या घालायचे. तीस वर्षं घातल्या.

मध्ये नदीवर पूल झाला. होडीला उतारू उरले नाहीत. पा आलांगनी होडी मोडली नाही, रुसव्यांपुरती ठेवली. लोक म्हणाले, पुलावरून मोटारसायकलवर दहा मिनिटांत जाल. ते म्हणाले, मनधरणी करायला दहा मिनिटांत जायचं नसतं.

शेवटच्या वर्षी चूक माझीच. मला सांधे धरले होते, म्हणून ईदच्या रेंडांगसाठीचे नारळ मी बाजारात नेऊन मशीनवर किसून आणले. मा योंग सत्त्याहत्तर वर्षांची, हात थरथरत होते. मला वाटलं, तिला कशाला त्रास. ती पिशवीतलं खोबरं बघत उभी राहिली. म्हणाली, "काही नाही. ठीक आहे." दुपारी बोचकं घेऊन पलीकडे.

पा आलांग तेव्हा अडुसष्टचे. ईद होऊन बाराव्या दिवशी ते झोपेतच गेले, जाहाराने सकाळची कॉफी ठेवून हाक मारली तेव्हा कळलं. त्यामुळे ही त्यांची शेवटची खेप. पण ते त्या दिवशी कोणाला ठाऊक नव्हतं आणि त्यांनी ती नेहमीसारखीच केली. मी अख्खा नारळ देऊन ठेवला. ते उपाशीपोटी, रोज्यांच्या शेवटच्या दिवशी, हळूहळू वल्ही मारत गेले. ह्या खेपेला मीही होडीत होते, चूक माझी म्हणून. त्यांनी नारळ पायरीवर ठेवला आणि म्हणाले:

पूल झाला, रस्ता झाला,
होडी पेंगते पाण्यावर;
ईद उद्या, दिवस आला,
खोबरं रुसलंय खवणीवर.

खिडकी उघडीच होती.

"पाण्यावर, खवणीवर," मा योंग आतून म्हणाली. "हे काय जुळवणं झालं? म्हातारा झालास, आलांग."

"झालो," पा आलांग म्हणाले.

"आणि मशीनवरचं खोबरं कोणी खाल्लं?"

"कोंबड्यांना घातलं," मी म्हटलं. घातलं नव्हतं, पण घरी पोचल्यावर घातलं.

ती बोचकं घेऊन उतरली. पा आलांगनी होडी एका पायाने दाबून धरली, तिला हात दिला, बोचकं आधी मांडीवर ठेवून दिलं आणि मग नारळ. ती नेहमीसारखी आमच्या काठाकडे पाठ करून बसली, आपण येतोय असं कोणाला वाटू नये म्हणून. मधे पाण्याला ओढ होती तिथे त्यांनी दम घेतला. ती म्हणाली, मी मारू का? ते म्हणाले, मारा. तिने दोनचार वल्ही मारली, होडी वाकडी झाली, तिने वल्हं परत दिलं.

आमच्या घाटाला लागलो तेव्हा सूर्य कलला होता. पोरं काठावर उभी होती, थोरल्याने पाण्यात उतरून होडी धरली. मा योंग उतरली आणि कोणाकडे न बघता खवणी मागत वर गेली. मी पा आलांगना म्हटलं, रोजा सोडायला इथेच थांबा. ते म्हणाले, नको, जाहाराने मासा केलाय, नाही गेलो तर तो रुसेल. त्यांनी होडीतलं पाणी करवंटीने उपसलं, वल्हं काठाला लावून होडी लोटली, आणि घराकडे निघाले.